‘नसलेलं काही दिसतं का?’ एवढं विचाराल का? पार्किन्सन्सच्या रुग्णांना तपासणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या फॅमिली डॉक्टर आणि फिजिशियन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पार्किन्सन्सचा, म्हणजे कंपवाताचा, रुग्ण समोर बसला की तुम्ही त्याला अंगठा आणि बोट पटपट जुळवायला सांगता, मनगट वाकवून कडकपणा बघता, दारापर्यंत चालवून आणता. संडासला साफ होतं का, झोप लागते का, कुठे पडला होता का, तेही विचारता. पण घरात नसलेलं कुणी दिसतं का, हा प्रश्न मी आजवर फार थोड्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलाय. मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीचा मोठा काळ पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात गेला, आणि आता घरी आमच्या ह्यांनाच पार्किन्सन्स आहे. वॉर्ड पाहिला, घरही पाहते आहे, म्हणून हे धाडस करते.

तुम्हालाच लिहिते, कारण न्यूरॉलॉजिस्ट पुण्या-मुंबईत, नाशिकला, कोल्हापूरला. त्यांच्याकडे आमच्यासारखे लोक वर्षातून एक-दोनदा जातात. मधल्या काळात ताप, पडणं, बद्धकोष्ठ, रात्रीचा गोंधळ, सगळं तुमच्याच दारात येतं. पार्किन्सन्समधला सायकोसिस, म्हणजे नसलेलं दिसणं आणि खोट्या गोष्टी खऱ्या वाटणं, पहिल्यांदा ओळखण्याची संधीही तुम्हालाच मिळते. ती हुकते, आणि मग एके रात्री म्हातारा काठी घेऊन शेजाऱ्याच्या दारावर धावून गेला की कॅज्युअल्टीत सगळ्यांची तारांबळ उडते. तो म्हणे अचानक वेडा झाला. बहुतेक वेळा अचानक काहीच झालेलं नसतं. महिनोन् महिने खुणा दिसत असतात, विचारलेलं नसतं एवढंच.

सायकोसिस म्हटलं की आरडाओरडा करणारा, कपडे फाडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पार्किन्सन्समध्ये सुरुवात अशी होत नाही. डोळ्यांच्या कडेने काहीतरी सरकन् गेल्यासारखं वाटतं. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं, वळून पाहिलं तर कुणी नसतं. आमच्या ह्यांना दिवेलागणीला खुर्चीवरच्या टॉवेलात मांजर दिसतं. लाइट लावला की ते स्वतःच हसतात. ओळखीच्या एका घरात तर आजोबा उंदीर-उंदीर करतात म्हणून पिंजरा लावला, कपाटं सरकवून पाहिली, दुकानदाराने सुचवलेलं औषधही टाकलं. उंदीर नव्हताच. पुढे स्पष्ट माणसं दिसू लागतात: अंगणात खेळणारी लहान मुलं, पलंगाच्या पायथ्याशी बसलेली अनोळखी बाई. ती बहुधा बोलत नाहीत, आपल्या कामात असतात. स्किझोफ्रेनियात आवाज जास्त, इथे दिसणं जास्त. आणि बऱ्याच काळपर्यंत रुग्णाला पक्कं ठाऊक असतं की हे खरं नाही.

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं म्हटलं होतं. सहा माणसं पाहून लिहिलं होतं ते, त्यातली काही तर रस्त्यात दिसलेली. दोनशे वर्षं उलटली तरी आपली ओपीडी त्याच वाक्यावर चालू आहे की काय, अशी मला कधी कधी शंका येते. फ्रान्समध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओळीने २१६ रुग्णांना नीट विचारलं, तेव्हा जवळजवळ ४० टक्क्यांना मागच्या तीन महिन्यांत कसले ना कसले भास झालेले होते. सिडनीत रुग्णांच्या एका गटावर वीस वर्षं लक्ष ठेवलं. शेवटी जे हयात होते त्यांच्यापैकी ७४ टक्क्यांना भास होत होते. हे दुर्मीळ म्हणायचं का?

मग रुग्ण सांगत का नाहीत? लाज आणि भीती. हात थरथरतो हे सगळ्या गावाला दिसतंच, त्यात आता डोकंही गेलं हे कोण कबूल करेल? सहीचा अधिकार जाईल, शेतीचे व्यवहार मुलगा हातात घेईल, आपल्याला कुठेतरी नेऊन ठेवतील, हे सगळं त्यांच्या मनात येतं. बायकांच्या बाबतीत तर आणखी वेगळं. म्हातारीला परसात कुणी दिसतं म्हटलं की घरातलंच कुणी ‘बाहेरचं’ आहे म्हणतं, आणि गोळ्यांआधी देवऋषी येतो. त्यामुळे ती गप्प बसते.

म्हणून प्रश्न कसा विचारता यालाही महत्त्व आहे. “भास होतात का?” म्हणाल तर उत्तर “नाही” येणार. “या आजारात बऱ्याच जणांना कडेने काहीतरी गेल्यासारखं वाटतं, खोलीत कुणी आहे असं वाटतं, तुम्हाला कधी तसं झालंय का?” असं म्हणून बघा. बऱ्याच जणांना, हे शब्द जादूचे आहेत. माणूस एकदम सैल होतो. पुढचे प्रश्न मग सोपे: केव्हा दिसतं, उजेडात की अंधारात, ते खरं वाटतं का, भीती वाटते का. दिसतं कसं हेही विचारावं, कारण मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्याला सावलीत काहीही दिसू शकतं; डोळे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि बायकोला किंवा सुनेला पाच मिनिटं वेगळं बोलवा. ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे. भास रुग्ण स्वतः सांगू शकतो, संशय मात्र तो सांगणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो संशय नसतोच. पैसे चोरले, जेवणात काही घातलं, हे घर आपलं नाही, ही माझी बायको नव्हे तर तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी आहे, असे पक्के भ्रम या आजारात होतात. पण घर पोखरतो तो चारित्र्याचा संशय. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला नवरा विचारतो, दूधवाला इतका वेळ दारात का उभा होता. मोबाइल तपासतो, रात्री उठून अंथरूण चाचपतो. ती कुणाला सांगणार? मुलाला सांगायची लाज, लेकीला सांगितलं तर ती जावयाच्या कानावर जाईल ही धास्ती. नवऱ्याशेजारच्या खुर्चीत बसून तर ती डॉक्टरांना मुळीच सांगणार नाही. “बाकी सगळं ठीक आहे,” म्हणेल आणि पदर सावरेल. तो आजार आहे, तुमच्यावरचा आरोप नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं तर अर्धं ओझं तिथेच उतरतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंना हे कळायला फार उशीर झाला, तोवर त्या माहेरी निघून गेल्या होत्या. सत्तरीच्या वयात.

निदानाचे निकष आता बरेच स्पष्ट आहेत. २००७ साली अमेरिकेतल्या दोन सरकारी संस्थांच्या तज्ज्ञगटाने ते मांडले. पार्किन्सन्स आधी सुरू झालेला हवा, ही लक्षणं नंतर. मांजरासारखा चकवा, कुणी असल्याची जाणीव, भास किंवा भ्रम यांपैकी काहीतरी निदान महिनाभर वारंवार किंवा सतत असायला हवं. आणि त्याचं दुसरं कारण सापडू नये. या निकषांचं मला आवडलेलं म्हणजे त्यांनी किरकोळ वाटणारे चकवेही मोजले, आणि समज शाबूत असली म्हणून रुग्णाला यादीतून काढलं नाही. गोळ्यांमुळेच होतं असंही धरलं नाही. ते बरोबरच, कारण लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध येण्याच्या आधीच्या काळातही असे भास नोंदलेले आहेत, आणि औषध सुरू न केलेल्या काही रुग्णांनाही ते होतात. “गोळ्या जास्त झाल्या” एवढ्यावर प्रकरण मिटवू नये ते यासाठी.

पण तो एक महिना जुन्या, सावकाश वाढलेल्या लक्षणांसाठी आहे. काल बरा असलेला माणूस आज रात्री बरळायला लागला, दिवस-रात्र कळेना, मधेच जागा मधेच गुंगीत, तर त्याला सायकोसिस म्हणून मोकळं होऊ नका. तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या बिघाडाने अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, समजा आणि कारण शोधा. लघवीचं इन्फेक्शन, छातीत कफ, सोडियम कमी, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, आठ दिवस संडास न होणं. आठवड्यापूर्वी पडला असेल तर डोक्यात रक्त साकळलंय का ते पाहा.

एका निवृत्त गुरुजींचं सांगते. ठणठणीत नसले तरी बरे होते. पावसाळ्यात एका रात्री त्यांना खिडकीत पोलीस दिसू लागले, मच्छरदाणी ओढून फाडली. मुलांनी जवळच्या नर्सिंग होमला नेलं. तिथे शांत करायला हॅलोपेरिडॉल आणि फेनर्गनचं इंजेक्शन दिलं, घास घशात अडकतोय म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही असं लिहिलं, आणि त्यातच पार्किन्सन्सच्या गोळ्याही बंद झाल्या. दोन दिवसांत गुरुजी लाकडासारखे ताठले, कूस बदलता येईना, लाळ गळायला लागली, ताप चढला. दुसरीकडे हलवल्यावर लघवीत इन्फेक्शन आणि सोडियम कमी निघालं. नाकातून पोटात रायल्स ट्यूब घालून लेव्होडोपा पुन्हा सुरू केला, इन्फेक्शनवर इलाज केला, आणि पोलीस गेले. शरीर मात्र पूर्वपदावर आलं नाही.

या गोष्टीत दोन धोके एकाच केसपेपरवर आहेत. हॅलोपेरिडॉल मेंदूत हालचालीसाठी लागणाऱ्या डोपामिन या रसायनाचा रस्ता अडवतं, आणि पार्किन्सन्समध्ये तर डोपामिनचीच टंचाई. रात्रपाळीच्या आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या, हातात वॉर्डातलं तेच इंजेक्शन पटकन येतं, हे मला माहीत आहे. त्याला दोष देण्यापेक्षा त्याला आधी शिकवा. रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन या सायकोसिसवरच्या दुसऱ्या औषधांनीही हालचाल बिघडते. दुसरा धोका, लेव्होडोपा एकाएकी थांबवण्याचा. त्याने प्रचंड ताठरपणा, ताप, बेशुद्धी येऊन माणूस दगावू शकतो. गिळता येत नसेल तर ट्यूबमधून द्यावा, पण सावकाश विरघळणारी सीआर गोळी कुटून देऊ नये, हे सिस्टरांनीही लक्षात ठेवावं.

उलटी आणि चक्करेचंही तेच. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या रुग्णांना नको. लेवोसल्पिराइड तर आपल्याकडे पित्ताच्या कॅप्सूलमध्ये बेमालूम बसलेलं असतं. घरचे “ती ॲसिडिटीची गोळी” म्हणून सांगतात, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, आणि इकडे चाल मंदावते. मग पार्किन्सन्स वाढला म्हणून डोस वाढतो, वाढलेल्या डोसने भास सुरू होतात, आणि मुळाशी असलेल्या कॅप्सूलकडे कुणाचं लक्ष जात नाही.

म्हणून औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला सांगा. चिठ्ठी बघू नका, पिशवी बघा. त्यात वर्षानुवर्षं चाललेली ट्रायहेक्सिफेनिडिल ही थरथरीवरची जुनी गोळी निघेल, जी म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला गोंधळात टाकते. सर्दीची गोळी निघेल, लघवी रोखण्याची गोळी निघेल, कुणा नातेवाइकाने दिलेली झोपेची गोळी निघेल, गुडघ्यासाठीचं ट्रामाडॉल निघेल. आणि कवचबीजाचं चूर्ण निघेल. खाजकुहिलीच्या बियांत खराखुरा लेव्होडोपा असतो. कंपवातावर आयुर्वेदात त्याचा वापर जुना आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण वैद्याकडचा लेव्होडोपा आणि तुमच्याकडचा लेव्होडोपा पोटात एकत्र होतात, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. रागावलात तर पुढच्या वेळी पिशवीतून चूर्ण गायब होईल, घ्यायचं मात्र चालूच राहील.

आणखी एक भेद तुमच्या हातून सुटू नये. विस्मरण आणि गोंधळ आधी आले, किंवा हालचाल मंदावल्यापासून वर्षाच्या आत आले, शुद्ध दिवसागणिक वरखाली होत राहिली, भास लवकर सुरू झाले, तर तो लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे पार्किन्सन्सच्या जवळचा स्मृतिभ्रंशाचा आजार, असू शकतो. त्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी औषधं जिवावर बेततात. बरेच दिवस नैराश्यावर किंवा मानसिक आजारावर औषध घेऊन मग हात थरथरू लागला असेल, तर उलटा विचार करा, त्या औषधांनीच पार्किन्सन्ससारखं चित्र झालंय का. आणि पंच्याहत्तरीत आयुष्यात पहिल्यांदा भास सुरू झालेल्या माणसाला नुसतं मनोविकाराच्या ओपीडीत पाठवण्याआधी त्याला खोलीभर चालवून बघा. हात हलतात का, वळताना किती पावलं लागतात. मनोविकारतज्ज्ञांनीही हे करावं, ते हे पत्र वाचत असतील तर.

थोडं नाजूक बोलते. आपल्याकडे माणसाला विठ्ठल दिसतो, स्वामी स्वप्नात येतात, बायको गेल्यावर ती उशाशी बसलेली जाणवते. हे सगळं आजारात मोजायचं नसतं. आषाढीला पंढरपूरला चालत जाणाऱ्या माणसाने दर्शनाची गोष्ट सांगितली तर डोळे मोठे करू नका, आणि भक्ती म्हणून सोडूनही देऊ नका. असं पूर्वीपासून होतं का की आजारानंतर सुरू झालं? गोळी घेतल्यावर तासाभरात वाढतं का? दर्शनाबरोबर अनोळखी मुलं आणि जनावरंही दिसतात का? त्याने मन शांत होतं की झोप उडते? उत्तरं ऐकली की बहुधा चित्र आपोआप स्पष्ट होतं. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, पलंगावरून पडणं असेल तर तेही विचारा. स्वप्नं अंगावर येणाऱ्या रुग्णांना पुढे भास होण्याचा संभव जास्त असतो.

उपचार तुमचे, त्यात मी फार शिरत नाही. कडेने मांजर दिसतं आणि माणूस हसतो, त्याला लगेच नवी गोळी लागत नाही. संध्याकाळी लख्ख लाइट, चष्म्याचा नंबर आणि घरच्यांशी चार शब्द पुरतात. गोळ्या कमी करायची वेळ आली तर ट्रायहेक्सिफेनिडिल आधी, मग अमांटाडिन, सेलेजिलिनसारख्या गोळ्या, मग प्रामिपेक्सोल-रोपिनिरोल, आणि लेव्होडोपा सगळ्यात शेवटी, तोही हळूहळू, न्यूरॉलॉजिस्टला फोन करून. त्यानेही भागलं नाही तर भासांवरचं क्वेटियापिन हे औषध अगदी लहान डोसात दिलं जातं. त्याच कामाच्या क्लोझापिनचा पुरावा अधिक भक्कम आहे. त्यात पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून नियमित रक्त तपासावं लागतं आणि म्हणूनच आपल्याकडे ते द्यायला हात धजत नाही. या आजारातल्या सायकोसिससाठीच असलेलं पिमाव्हान्सेरिन अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. डिमेन्शियाही असेल तर त्यावरच्या रिव्हास्टिग्मिन या औषधाचा विचार होतो. तोल, रक्तदाब, गुंगी, हे धोके घरच्यांना आधी सांगा, म्हणजे रात्री बाथरूमला एकटं जाऊ द्यायचं नाही हे त्यांना कळेल.

मागणी म्हणाल तर खर्चाची एकही नाही. पार्किन्सन्सच्या केसपेपरवर दर वेळी एक ओळ लिहा: भास, भ्रम, विचारले, आहेत किंवा नाहीत, खरे वाटतात की नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या पार्किन्सन्सच्या मोजपट्टीतही पहिल्याच भागात हा प्रश्न आहे, शून्य ते चार गुणांचा. डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने लिहा की हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, लेवोसल्पिराइड द्यायचं नाही आणि लेव्होडोपा चुकवायचा नाही. ॲलर्जी लिहितो तसंच, त्याच जागी. म्हणजे ऑर्थोच्या, हाडांच्या, वॉर्डात खुबा मोडून आलेल्या रुग्णालाही ते उपयोगी पडेल, कारण रात्री दोन वाजता तिथे न्यूरॉलॉजिस्ट नसतो, सिस्टर असते. आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी ज्यांचं येणं-जाणं आहे, त्यांनी इंटर्नशिपमध्ये आणि नर्सिंगच्या प्रात्यक्षिकात हा एक तास घालता येतो का ते पाहावं. थरथरणारा हात मुलं पुस्तकात पाहतातच. रुग्णाच्या बायकोशी पाच मिनिटं बोलायचं कसं, ते कुणीतरी दाखवून द्यायला हवं.

रुग्णांच्या घरी मी अधूनमधून जाते. तिथे वापरायला सोपे मराठी प्रश्न मी एका पानावर लिहून ठेवलेत; त्यातले बरेचसे वर आलेच आहेत. ते तुमच्या भाषेत, तुमच्या भागातल्या बोलीत बदलून घ्या. विदर्भातल्या आजींना आणि कोकणातल्या आजोबांना एकच वाक्य चालणार नाही. कुणी सुधारून परत छापलं तरी माझी हरकत नाही, नाव घालायची गरज नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त वॉर्ड सिस्टर
सातारा जिल्हा